एक्सलची पुढची बाजू

माझ्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते. लग्न झालं तेव्हा 'अहो' म्हणून बघितलं होतं. पण चाकामागे डोकं घालून बसलेल्या माणसाला 'अहो' ऐकू जात नाही. 'मिस्त्री' अशी हाक मारली की मात्र आतून 'हां, बोल' असं येतं. मला तेवढं पुरतं.

त्यांचं काम ट्रेलरचं. होड्या वाहून नेणारे दोन चाकांचे ट्रेलर. होडीचे लाड सगळे करतात, तिला रंग देतात, ताडपत्री घालतात, इंजिनाची वेळच्या वेळी देखभाल करतात. ट्रेलर मात्र वर्षभर गवतात उभा असतो आणि सुट्टीच्या दिवशी त्याला खाऱ्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवतात. मग कधीतरी चाक कण्हायला लागतं आणि मंडळी आमच्या दारात येतात. "होडी बुडाली तर पोहता येतं," मिस्त्री त्यांना सुनावतात, "रस्त्यात चाक निघालं तर काय करणार आहात?" गिऱ्हाइकाशी असं बोलू नये, हे मी त्यांना तीस वर्षं सांगते आहे.

शेड आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून आहे. वर पत्रे, एका बाजूला लांब लाकडी बाक, खिडकीखाली कपाट. कपाट माझ्याकडे. सील, बेरिंग, पिना, नट सगळं बिस्किटांच्या डब्यांत, आणि डब्यांवर माझ्या अक्षरात मापं. मिस्त्रींनी मान न वळवता हात मागे केला की हवं ते सील त्यांच्या हातात पडतं. बायको म्हणून माझं कौतुक त्यांनी फारसं कधी केलं नाही. पण एकदा बाहेरचा एक गॅरेजवाला म्हणाला, "वहिनींचं कपाट आम्हाला द्या, दुकान तुम्ही ठेवा," तर हे तीन दिवस खुशीत होते.

काम करताना त्यांचा चष्मा कपाळावर असतो. डोळ्यांवर त्यांचा भरवसा नाही, बोटांवर आहे. बेरिंगमध्ये ग्रीस भरायचं असलं की डाव्या तळव्यावर ग्रीसचा गोळा घेतात आणि बेरिंगची कड त्यात दाबत राहतात, दाबत राहतात, वरच्या बाजूनं ग्रीस डोकं काढेपर्यंत. मग थोडं फिरवून पुन्हा. या कामाचं एक यंत्र मिळतं. ते आमच्याकडेही आहे, कपाटाच्या वरच्या फळीवर, खोक्यात. बेरिंग ज्या लोखंडी वाटीत फिरतं त्या जुन्या वाटीत नवं बेरिंग बसवायचं नाही, वाटीसकट बदलायचं. नटाची पिन एकदा काढली की फेकायची. दोन्ही चाकं जोडणारा एक्सल सोडवण्याआधी खडूनं त्यावर बाण काढायचा, म्हणजे पुढची बाजू कुठली ते कळतं. आणि ब्रेकच्या दोन पट्ट्यांपैकी आखूड पुढे, लांब मागे. हे शेवटचं मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेत विचारलंत तरी सांगेन.

असा हा हाताचा सच्चा माणूस. खोट एकच. दुसऱ्याची चूक त्यांना शंभर पावलांवरून दिसते आणि एकदा दिसली की दिसली, मग ते पुन्हा बघायला जात नाहीत. माझ्या भावाच्या बाबतीत हेच झालं.

माझा मोठा भाऊ, दादा, बसचा ड्रायव्हर. सव्वीस वर्षं बस चालवली, कुणाला ओरखडा नाही. आगारातले लोक त्याच्या गाडीवर घरच्यांना निर्धास्त बसवायचे. त्याला नाद एकच, आठवड्याच्या सुट्टीला होडी घेऊन पाण्यात जायचं आणि गळ टाकून बसायचं. मासे मिळायचे असं नाही. वहिनी म्हणायची, "मासे घरी आणण्यापेक्षा पाण्यात त्यांची विचारपूस करून येतात." लहानशी फायबरची होडी, मागे छोटं इंजिन, आणि तिला साजेसा ट्रेलर. ट्रेलरला ब्रेक होते. त्याची सगळी कामं अर्थातच मिस्त्रींकडे. दोघांचं जमायचंही छान. दादा शेडमध्ये येऊन बाकावर बसला की दोन दोन तास हलायचा नाही. मीच तिथून उठवून जेवायला बोलवायची.

पाचएक वर्षांपूर्वी मिस्त्रींनी त्या ट्रेलरचा एक्सल खाली उतरवला होता. त्याला धरून ठेवणारे बोल्ट गंजले होते. एक्सल दोन घोड्यांवर, म्हणजे उंच तिवयांवर, ठेवला, बोल्ट बदलले, ब्रेक नवे घातले. मी म्हटलं, माझ्या भावाचा ट्रेलर आहे, असा गंजका कसा द्यायचा? म्हणून एक्सलला काळा रंग मी मारला. दोन हात. अजून कुठे पापुद्रा सुटलेला नाही.

त्यानंतर दादा कुरकुर करायला लागला. ब्रेक म्हणावे तसे लागत नाहीत, आणि होडी पाण्यात सोडायला धक्क्याच्या उतारावर गाडी मागे घेताना चाकं अडतात. मिस्त्री म्हणाले, नवे आहेत, बसतील हळूहळू. आणि ब्रेक जरा कसून दिले. महिन्याभरानं दादा पुन्हा तेच म्हणाला. मिस्त्रींनी आणखी कसले आणि वर हसत हसत बोलून गेले, "बस चालवणं वेगळं दादा, ट्रेलर मागे घेणं वेगळं." दादाही हसला. पण मी त्याची सख्खी बहीण आहे. त्याला ते लागलं होतं.

पुढे एका सुट्टीच्या सकाळी, धक्क्याच्या अलीकडच्या वळणावर, ट्रेलरचं डावं चाक निघालं. निघालं म्हणजे गाडीच्या पुढे पळत जाऊन खड्ड्यात पडलं. ट्रेलर तिरका झाला, त्यानं गाडीला कडेला ओढलं, आणि गाडी कठड्याला टेकून थांबली. त्याच बाजूला दादाची मुलगी बसली होती. तेव्हा ती एकोणीस वर्षांची. तिला खरचटलंसुद्धा नाही, होडीचं पोट तेवढं सोलवटलं. पण कठडा नसता तर काय झालं असतं, ते मी अजून मनात पुरतं आणत नाही.

मिस्त्री तेव्हा धक्क्यावरच कुणाचं तरी चाक बघत होते. सगळ्यांबरोबर तेही धावले. पोरगी धडधाकट आहे हे बघितलं आणि मग जळलेल्या चाकापाशी वाकले. आत ग्रीसचा कोळसा झाला होता, लोखंड निळं पडलं होतं. भोवती दहाबारा जण. मिस्त्री उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तापलेली चाकं तशीच पाण्यात घालत असणार. चाकाचा गरम हब गार पाण्यात गेला की पाणी आत ओढून घेतो. दहादा सांगितलं होतं, पंधरा मिनिटं थांबा. पोरगी गाडीत होती, निदान तिच्याकडे तरी बघायचं."

दादा एक शब्द बोलला नाही. कधीतरी एखाद्या वेळी तो थांबला नसेलही; आणि खऱ्या माणसाला अशा वेळी नेमकं तेवढंच आठवतं.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. दादानं ट्रेलर तसाच एका लॉरीत घालून घरी नेला, तीन पायांच्या टेबलासारखा इमारतीखालच्या गॅरेजच्या कोपऱ्यात उभा केला आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही. महिन्याभरात आगारात अर्ज देऊन त्यानं आतलं काम मागून घेतलं. आता तो एका खिडकीमागे बसून बाहेर जाणाऱ्या गाड्यांची नोंद करतो. गाडी चालवायची सोडलीच. किल्ली मुलीच्या हातात दिली ती दिली. आमच्याकडे आला तर हवापाण्याच्या गप्पा मारायचा, आणि मिस्त्रीही पाहुण्याशी बोलावं तसे त्याच्याशी बोलायचे. मला दोघांचाही राग यायचा. एकाला चारचौघांत बोलायची काय गरज होती, आणि दुसऱ्यानं मुकाट्यानं ऐकून का घेतलं? चार वर्षं मी हा राग जपला. मिस्त्रींना जेवणात मीठ जास्त झालं असं वाटलं, तर ते बहुतेक त्याचंच होतं.

या वर्षी भाची आली. आता तेवीस वर्षांची, एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे.

"काका, ट्रेलर नीट करून द्या," ती म्हणाली. "दोन्ही चाकांची बेरिंग नवी घाला आणि ब्रेक काढून टाका."

"ब्रेक काढून?" मिस्त्रींनी चष्मा खाली घेतला.

"खाऱ्या पाण्यात ते गंजणारच. शिवाय मी वजन करून आणलंय, होडी, इंजिन, टाकी सगळं धरून. एवढ्या वजनाला ब्रेकची सक्ती नाही." तिनं काट्याची चिठ्ठीच पुढे केली. बापासारखीच आहे, कागदाशिवाय बोलायची नाही.

मिस्त्रींनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. "बरोबर आहे. पण होडी नेणार कोण?"

"मीच. बाबा सुट्टीभर खिडकीत बसून असतात हो. होडी पाण्यात उतरलेली दिसली तर कदाचित येतील."

 मी मिस्त्रींकडे असं बघितलं की त्यांनी लगेच हातात पाना घेतला.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर शेडमध्ये आला. दुपारी जेवणं उरकल्यावर आम्ही कामाला लागलो. उजवं चाक धड होतं, म्हणून सुरुवात तिथून केली. मिस्त्रींनी टोपण काढलं, पिन सरळ करून ओढली, नट सोडवला, बाहेरचं बेरिंग तळव्यावर घेतलं. ब्रेकवर झाकणासारखा बसलेला ड्रम काही सुटेना. लाकडी हातोडीनं चहूबाजूंनी ठोकून ठोकून शेवटी तो निघाला आणि गंजाची भुकटी मांडीवर सांडली. मी बॅटरी धरून मागे उभी होते.

मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. मग उठले, ट्रेलरच्या तोंडाशी गेले, तो गाडीला अडकतो ती बाजू बघितली, आणि परत येऊन ब्रेकसमोर बसले. घराचा नंबर चुकला की काय म्हणून माणूस दोनदा वाचतो तसं.

आखूड पट्टी मागे होती. लांब पुढे.

"चहा टाक जरा," मिस्त्री म्हणाले.

दुपारी अडीच वाजता मिस्त्रींनी कधी चहा मागितलेला नाही. मी गेले. चहा उकळेपर्यंत माझंही डोकं उकळत होतं. ब्रेक घालताना त्यांचा हात चुकणार नाही, ते मला पक्कं माहीत होतं. मग एकच उरत होतं. ब्रेक बरोबर होते, एक्सलच फिरला होता. घोड्यांवरून उचलून परत बसवताना डावं टोक उजवीकडे गेलं होतं. सरळ दांडा, दोन्हीकडून सारखा, कळणार कसं? दादा दोनदा सांगत आला, आणि हे शहाणे न उघडता कसत गेले. चार वर्षं माझा भाऊ खिडकीत बसला आहे तो यांच्यामुळे. मला वाटलं, चहा त्यांच्या डोक्यावर ओतावा.

परत आले तर दोन्ही बाजूंचे ब्रेक निघाले होते. चार चार बोल्टांवर बसलेल्या त्या गोल लोखंडी थाळ्या, पट्ट्या आणि स्प्रिंगांसकट, भंगाराच्या पिंपात पडल्या होत्या. मिस्त्री जुन्या वाट्या ठोकून काढत होते. चहा त्यांनी बाकावर ठेवायला सांगितला आणि तो तिथेच गार झाला.

मी पिंपात डोकावले. प्रत्येक थाळीवर कारखान्याचा ठसा असतो, डावी की उजवी. डावीचा ठसा असलेल्या थाळीवर मिस्त्रींनी खडूनं लिहिलं होतं: उजवीकडून काढली. दुसरीवर: डावीकडून काढली. भंगारात टाकायच्या वस्तूवर कुणी असं लिहून ठेवत नाही. म्हणजे त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं.

आणि ठरवायला वेळ थोडाच होता. ब्रेक निघाले की त्या एक्सलला पुढची बाजू, मागची बाजू काही राहत नाही. थाळ्या भंगारात गेल्या की झालेली गोष्ट कुणालाही कधी कळणार नव्हती. भाचीनं ब्रेक काढायला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. यांना नुसतं गप्प बसायचं होतं.

मीच दादाकडे जाऊन सांगावं, असं दहादा मनात आलं. पण मी सांगितलं असतं तर तो माझा विजय झाला असता, आणि दादाला माझा विजय नको होता. ज्यांनी ठपका ठेवला त्यांनीच तो उचलायला हवा होता. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी मूग गिळून बसले. दोन दिवस. माझ्या तब्येतीला ते झेपणारं नव्हतं.

त्या दोन दिवसांत मिस्त्रींनी ट्रेलरचं असं काम केलं की लग्नात नवरीलाही एवढं कुणी सजवत नसेल. एक्सलच्या टोकांचे, चाक बसतं ते दांडे बारीक पॉलिश कागदानं घासले. जळलेल्या बाजूचाही वाचला होता. नव्या वाट्या, वर जुन्या वाट्या ठेवून, हलक्या हातानं आत ठोकल्या, आवाज बदलला की थांबायचं. बेरिंग तळव्यावर ग्रीसनं भरली. सील लाकडाचा ठोकळा ठेवून सपाट बसवलं. चाक फिरवत फिरवत नट आवळला, मग सैल केला, मग नुसत्या बोटांनी टेकवला, आणि नवी पिन घालून तिचे पाय वाकवले. ब्रेकची केबल काढली आणि ट्रेलरच्या तोंडाशी जी दांडी मागेपुढे सरकून ब्रेक ओढायची ती आरपार बोल्ट मारून पक्की केली. चाकाला बोट लावलं की ते फिरतच राहायचं, आवाज नाही, हेलकावा नाही. एरवी असं चाक फिरलं की ते माझ्याकडे बघतात. या वेळी बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. मिस्त्रींनी त्याला पिंप उचलायला हात दिला, तो निघाला, आणि हे दारात उभे राहून त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून यांच्या पाठीकडे. गाडी कोपऱ्यावर वळली. आणि माझा नवरा, जो बस सुटत असली तरी कधी धावलेला नाही, चपला फटफटवत तिच्यामागे धावत सुटला.

परत आले ते दोन्ही थाळ्या छातीशी धरून. शर्टाची वाट लागली होती. भंगारवाला मागून ओरडत होता, "मिस्त्री, दिलेलं भंगार परत नेणारं पहिलंच गिऱ्हाईक तुम्ही!"

"दादा घरी किती वाजता असतात?" त्यांनी मला विचारलं.

"चारनंतर," मी म्हटलं. का, असं विचारलं नाही.

दादाचं घर दुसऱ्या मजल्यावर. पुढची खोली लहानशी, खिडकीशी त्याची खुर्ची, भिंतीला इस्त्री केलेला गणवेश. वहिनीनं थाळ्या बघितल्या आणि मुकाट्यानं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. मिस्त्रींनी त्या मांडल्या.

"ही खिडकी म्हणजे पुढची बाजू समजा," त्यांनी सुरुवात केली. आलात कसे, बसा, पाणी घ्या, यातलं काही होऊ दिलं नाही. "आखूड पट्टी पुढे पाहिजे. तुमच्या ट्रेलरला ती मागे होती. दोन्ही चाकांना. मी अख्खा एक्सल उलटा बसवला होता, दादा. पुढे जाताना ब्रेकनी धरायचं, ते सोडत होते. मागे येताना सोडायचं, तर धरत होते. तुम्ही दोनदा सांगितलंत. मी कसत गेलो. कसलेले ब्रेक घासत राहिले, हब तापला, ग्रीस वितळून गेलं, बेरिंग जळलं. पाण्याचा काही संबंध नव्हता."

दादानं थाळीवरून बोट फिरवलं. खडूचं अक्षर वाचलं. मग तो म्हणाला, "मी एकदा थांबलो नव्हतो. त्याच्या आदल्या आठवड्यात. आभाळ आलं होतं म्हणून घाई केली, चाकं तशीच पाण्यात घातली. चार वर्षं तो दिवस डोळ्यापुढून जात नाही माझ्या."

"एकदानं काही होत नाही."

"कठड्याच्या बाजूला बसली होती ती."

"हो."

"मग तुम्ही तेव्हाच उघडून का नाही बघितलं?"

मिस्त्रींनी मान खाली घातली नाही. "गरजच वाटली नाही. चूक तुमची आहे हे मला आधीच माहीत होतं."

वहिनी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच आत गेली. दादाचा आवाज चढला नाही, पण मान लाल झाली होती. "पण तुम्ही तर खडूनं बाण काढता. मी स्वतः बघितलंय कितीदा. उलटा बसेलच कसा?"

"त्या वेळी राहिला काढायचा," मिस्त्री म्हणाले.

 बाण राहिला नव्हता. बाण होता. रंग मारण्याआधी मी रॉकेलच्या फडक्यानं तो एक्सल या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढला होता, भावाच्या ट्रेलरला रंग नीट धरावा म्हणून. पांढरा बाण फडक्याला लागला तोही मला आठवला. मिस्त्रींना हे त्या दुपारीच आठवलं असणार, चष्मा नाकावर घेतला तेव्हाच. मी दोन दिवस त्यांची परीक्षा बघत बसले होते आणि ते माझं नाव कसं टाळायचं याच्या विवंचनेत होते.

"बाण काढला होता," मी म्हटलं. "मी पुसला. रंग मारायचा म्हणून."

"तू मध्ये बोलू नकोस," मिस्त्री माझ्यावर खेकसले. "पुसला तर पुसला. बसवताना बघायचं काम मिस्त्रीचं, रंगाऱ्याचं नाही."

रंगारी! तशा अवस्थेतही मला राग आला. पण डोळ्यांना धार लागली होती, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

दादानं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. उठून खिडकीशी गेला. आमच्याकडे पाठ करूनच म्हणाला, "ते तुम्ही माझ्या घरात बोललात. तेव्हा बोलला होतात ते चारचौघांत. जिथे बोललात तिथे बोला."

"बोलतो," मिस्त्री म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी भाचीनं गाडी आणली, ट्रेलर अडकवला. दादा शेजारच्या सीटवर बसला होता, कठड्याच्या बाजूला. आम्ही दोघं स्कूटरवर मागे. मिस्त्री सगळा रस्ता त्या चाकांकडे बघत होते आणि मी सगळा रस्ता त्यांना समोर बघा म्हणून सांगत होते.

धक्क्यावर नेहमीची मंडळी होती. दातांचे डॉक्टर, त्यांची होडी सगळ्यात मोठी. निवृत्त पोस्टमास्तर. बर्फवाला. टपरीवरचा चहावाला. चार वर्षांपूर्वी भोवती होते तेच. मिस्त्री उताराच्या तोंडाशी उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "जरा इकडे ऐका." त्यांचा आवाज थोडा फाटला. मी एवढ्या वर्षांत तो फाटलेला ऐकला नव्हता. "चार वर्षांपूर्वी इथे वळणावर यांच्या ट्रेलरचं चाक निघालं. मी सगळ्यांसमोर यांना दोष दिला. तो यांचा नव्हता. एक्सल मी उलटा बसवला होता. यांची मुलगी वाचली ती कठड्यामुळे. माझ्यामुळे नाही."

 मग डॉक्टर म्हणाले, "कुठलं चाक?"

"ते नाही का," पोस्टमास्तर म्हणाले, "निळ्या गाडीचं."

"निळ्या गाडीचा टायर फुटला होता. चाक लाल गाडीचं निघालं."

"लाल गाडी तर माझी," बर्फवाला म्हणाला. "माझं कधी निघालं?"

चहावाल्यानं त्यात आणखी एक तिसरीच गाडी आणली. कुणालाच आठवत नव्हतं. या वादात एवढा वेळ गेला की ट्रेलरची चाकं आपोआप गार झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "जाऊ द्या हो मिस्त्री, एवढ्या वर्षांनी काय घेऊन बसलात. माझंही डावं चाक जरा कुरकुरतंय, तेवढं बघता का?"

मी दादाकडे बघितलं. तो गाडीला टेकून ऐकत होता. तो हसला, आणि हसता हसताच त्यानं खिशातून रुमाल काढून डोळ्यांवर धरला. "या मंडळींच्या समोरून जायला नको म्हणून," तो मला म्हणाला, "मी चार वर्षं बाजाराला लांबच्या रस्त्यानं गेलो गं."

 मी त्याचा दंड धरून उभी राहिले.

थोड्या वेळानं त्यानं रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि मुलीपुढे हात केला. तिनं किल्ली दिली आणि दुसऱ्या बाजूनं जाऊन बसली. दादानं सीट मागे सरकवली, आरसे नीट केले, ट्रेलर उताराच्या रेषेत आणला. आणि थांबला.

एके काळी आगारात रोज दोन गाड्यांच्या मधे हातभर जागेत बस लावणारा माणूस. मागून कुणी हात दाखवायला लागलं तर त्याला हसू यायचं. पण तो थांबून राहिला. आरशात मिस्त्री दिसत होते, पाण्याच्या कडेला, हात बाजूला टाकून उभे. दादानं काच खाली केली आणि हाक मारली, "मिस्त्री, हात दाखवा. तुम्ही म्हणाल तसं."

मिस्त्रींनी आधी पँटला हात पुसले. मग उजवा हात वर केला. "या," ते म्हणाले, "या दादा, सरळ आहे." आणि दादानं गाडी मागे घेतली.